ज्योत्स्नाच्या चौकशीचा फोन

ज्योत्स्नानं बायोडाटा तीनदा लिहिला. पहिला मंचरातल्या झेरॉक्सवाल्या रवींद्रनं करून दिला. त्याच्या कॉम्प्युटरात सगळे लग्नाचेच बायोडाटे; त्यातल्या एकावर त्यानं हिचं नाव टाकलं, तर खाली उंची अन् रंग तसाच राहिला. दुसरा कॉलेजातल्या मॅडमनी लाल पेनानं भरून परत दिला. तिसरा तिनं मोबाइलवर स्वतःच केला, आणि त्या तिसऱ्यात एक ओळ खोटी घातली.

'कोणत्याही शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी आहे.'

अवसरी बुद्रुकच्या जयवंत रोकड्याची ही थोरली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. नव्या नियमानं इंटर्नशिप केल्याबिगर निकाल हातात पडत नाही. हायवेच्या कडंला दुधाची एक कंपनी आहे, तिच्या लॅबमध्ये एकच जागा उरली होती. जयवंतानं स्वच्छ सांगितलं होतं, "निकाल आला तर पुढं शीक, मी आडवा येत न्हाई. आडाकला, तर मंग निरगुडसरचं स्थळ हाय. ते काय तुझी वाट बघत बसायचे न्हाईत." जयवंत वाईट माणूस नाही. बोलतो तेवढं करतो, एवढंच.

आता लॅबची पहिली शिफ्ट पहाटे पाचला लागते. आणि घरापासून हायवेपर्यंत दोन्ही अंगाला ऊस.

दोन वर्षांमागं क्लासवरून येताना, दिवस मावळायच्या टायमाला, तिच्या स्कुटीपुढून बिबट्या गेला. गेला म्हणजे पळाला नाही. रस्त्यात थांबला, हिच्याकडं बघितलं, आणि सावकाश उसात शिरला. गाडी कधी आडवी झाली ते हिला कळलंच नाही. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण तेव्हापासून उजेड उतरायला लागला की तिचे हात कापायचे. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. घरात त्याचं कुणी नाव काढत नव्हतं. लग्नाची पोर, गावभर झालं की स्थळं वाटेतूनच मागं फिरतात.

घराबाहेर हे ठाऊक एकट्या गेणभाऊला. गेणभाऊ गावच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी. ज्योत्स्ना दोन वर्षं झाली, त्याच्या हाताखाली सांजच्या दुधाची फॅट मशीनवर मोजायला बसत होती. काम उरकेपर्यंत अंधार पडायचा, मग शेजारची झुंबरबाई कॅन रिकामा करून हिच्यासाठी थांबायची आणि दोघी मिळून घरी जायच्या. मशीनपाशी हिच्या हातातली बाटली थरथरताना गेणभाऊनं बघितली होती, आणि विचारून घेतलं होतं.

कंपनीच्या फॉर्मात तर लिहिलेलं: आधी जिथं काम केलं तिथल्या माणसाचं नाव, मोबाइल नंबर. डेअरी सोडून तिनं कुठं कामच केलेलं नव्हतं. नाइलाजानं तिनं गेणभाऊचा नंबर टाकला.

आता गेणभाऊला समजावणं आलं, की भाऊ, ते भ्यायचं तेवढं सांगू नका. पण तसं म्हणायचं म्हणजे आपण खोटं लिहिलंय हे कबूल करायचं. दोन दिवस ती डेअरीत घुटमळली. शेवटी खाली बघत म्हणाली, "भाऊ, माझ्याबद्दल इचारायला एक फोन यील. जरा चांगलं सांगा."

गेणभाऊ गालात हसला. "यिऊ दे की. निरगुडसरचे का?"

तिला वाटलं चेष्टा करतोय. "भाऊ, तुमी पण!" म्हणून ती पळाली.

ती चेष्टा नव्हती. आमच्याकडं पोरीच्या चौकशीचा फोन म्हणजे लग्नाचाच. आणि चौकशी म्हटली की गेणभाऊला घाम फुटायचा. मागं एकदा त्यानं एका पोरीचं दुखणं झाकून चांगली-चांगली माहिती दिली होती. पुढं सगळं उघडं पडलं, आणि नवऱ्याकडची माणसं डेअरीत येऊन, रांगेदेखत, ह्याची कॉलर धरून गेली. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला: उणं आधी सांगून टाकायचं.

गुरुवारी सांजच्याला फोन वाजला. रांगेत दहा-पंधरा माणसं. गेणभाऊला कमी ऐकू येतं, त्यामुळं त्याचा फोन कायम स्पीकरवर. ज्योत्स्ना मशीनपाशी, हातात रांगेतल्या कुंडलिकच्या दुधाची बाटली.

"नमस्कार, मी कंपनीतून मोहिनी बोलतेय. ज्योत्स्ना रोकडे हिच्याबद्दल माहिती हवी होती."

"घ्या की. मुलगा कंपनीत हाय म्हणा."

"अं? नाही, मी… किती वर्षं ओळखता तुम्ही तिला?"

"जन्मली तवापासनं. पर बाई, पहिलंच सांगतो, मी खोटं बोलणार न्हाई. मागनं माझ्या दारात यायचं न्हाई."

बाई जरा गडबडली. "बरं. स्वभाव कसा आहे?"

"सभाव गरीब. घर धरून ऱ्हानारी."

"अन् भाकरी पातळ करती, ते सांगा की!" रांगेतून झुंबरबाई ओरडली. सगळे हसले. ज्योत्स्नाला हसू येईना. पुढं काय येणार ते तिला दिसत होतं.

"काही उणीव? म्हणजे पुढं अडचण येईल असं काही?"

गेणभाऊनं सदऱ्याच्या कॉलरवरून हात फिरवला.

"हाय. बिबट्या आडवा गेल्यापासनं पोरगी अंधाराला भिती. हात कापत्यात. दवाखाना केला, फरक न्हाई. पटलं तर बघा. झाकून ठेवलं म्हणायचं न्हाई."

रांगेतलं हसू तिथंच थांबलं. सगळे मशीनकडं बघायला लागले.

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "तिनं तर कोणत्याही शिफ्टला येईन असं लिहिलंय."

"नांदायला शिफ्ट कसली वं बाई?"

"नांदायला? अहो, आमच्या लॅबमध्ये इंटर्नशिपसाठी अर्ज केलाय तिनं. कामासाठी."

गेणभाऊनं ज्योत्स्नाकडं बघितलं. चेहरा उतरला त्याचा. "आत्ता! कामाचं व्हय? मंग आधी सांगायचं न्हाई का! आवो, माझ्या सख्ख्या भावाच्या दुधात पाणी घावलं, तवा मी मान खाली घातली. हिनं त्याच्या तोंडावर कॅन माघारी दिला."

"ते कशाला उकरतो आता, गेण्या?" रांगेतून चिमाजी, म्हणजे तोच भाऊ, कुरकुरला.

"ठीक आहे," मोहिनी मॅडम म्हणाल्या. "पण मला माणूस पाचला गेटवर लागतो. मुलगी आहे का तिथं?"

गेणभाऊनं फोन पुढं केला. दारातला उजेड उतरला होता. बाटलीतलं दूध हिंदकळायला लागलं होतं. सावरून घ्यायला अजून जागा होती: भाऊंचं वय झालंय मॅडम, काहीही बोलतात. पण गेणभाऊ समोरच उभा होता.

"मॅडम, भाऊ सांगत्यात ते खरं हाय. ती ओळ मी भिऊन लिहिली."

"मग शिफ्टचं काय?"

"लॅबमदी उजेड आसंल, तितं काम करीन. रस्त्याचं… रस्त्याचं म्हाईत न्हाई."

पलीकडं पुन्हा कागद वाजले.

"सोमवारी ये. पाचला. आठवडाभर बघते. एक दिवस जरी उशीर झाला तर दुसरीला घेईन, माझ्याकडं अजून चार अर्ज आहेत."

"येते," ज्योत्स्ना म्हणाली. फोन बंद झाला.

"येते म्हणली!" झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. "अगं, साडेचारला निघावं लागंल. कोण यील तुझ्यासंगं? मला इचारू नकु बाय, मी तुझ्यापरास भिती."

गेणभाऊ हळूच म्हणाला, "जयवंताला मी सांगू का?"

"नगं. मी सांगते."

तिनं बाटली मशीनला लावली, तर दूध सगळं टेबलावर. मशीनवर आकडाच येईना.

"दुसरं घे पोरी," कुंडलिक म्हणाला. "मी थांबतो."

तिनं दुसरं सॅम्पल घेतलं. मग रोज दाराला पाठ करून ठेवलेलं स्टूल फिरवलं आणि बाहेरच्या अंधाराकडं तोंड करून बसली.