पंप बंद ठेवले ते दोन दिवस

गोदावरीकाठच्या एका लहान शहरात, तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रावर मी केमिस्ट म्हणून लागले. शहर नांदेड जिल्ह्यातलं. नाव घेत नाही, कारण जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे, गावाची नाही.

केंद्रावर एक पंपचालक होते. कागदावर ते माझ्या हाताखाली, पण वयाने माझ्या वडिलांएवढे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. ते मुदखेडचे. रोज सकाळी मोटारसायकलवर यायचे, डब्याची पिशवी खुंटीला अडकवायचे आणि आधी नदीत उतरून पाणी ओंजळीत घ्यायचे. वास घ्यायचे, मग वर येऊन मला सांगायचे, "आज तुरटी जरा जास्त लागेल, मॅडम." मी प्रयोगशाळेत तपासायचे तेव्हा बहुतेक वेळा तेच निघायचं.

आमचं काम तसं सोपं. नदीतल्या विहिरीतून पंपाने पाणी वर यायचं, त्यात तुरटी पडायची, गाळ खाली बसायचा, वाळूच्या थरातून पाणी गाळलं जायचं आणि शेवटी क्लोरीन. ते क्लोरीन पुरेसं आहे का हे मी बघायचे. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे ते शहराला सोडायला हरकत नाही.

मे महिन्यातली सकाळ होती. मी नुकतीच येऊन बसले होते. खालून चाचांची हाक आली.

"मॅडम, खाली या जरा. मासे वर आलेत."

मी पायऱ्या उतरून गेले. नदी आटून विहिरीच्या तोंडाशी एक डोह तेवढा राहिला होता. त्याचं पाणी काळपट झालं होतं, कडेला फेस धरला होता. बोटाएवढे मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडमीट करत होते. काही उलटे पडले होते. वास असा होता की मी पदर नाकाला लावला. चाचांनी त्या दिवशी ओंजळ भरली नाही.

मी पाणी वर नेऊन तपासलं. क्लोरीन टाकलं, रंग नाही. दुप्पट टाकलं, तरी पाणी पांढरंच. मैला मिसळलेलं पाणी असंच करतं, घालाल तेवढं क्लोरीन गिळून टाकतं. वाचलेलं सगळं होतं, डोळ्यांपुढे पहिल्यांदा होत होतं.

आमचे अभियंता साहेब नांदेडला बैठकीत होते. फोन लावला. ते म्हणाले, "तुम्ही केमिस्ट आहात, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. पण उद्यापर्यंत पाणी सुटलं पाहिजे."

मी चाचांना म्हणाले, "पंप बंद करा."

"करतो," ते म्हणाले. "हे पाणी मी माझ्या घरी न्हाई देणार. पण आधी टँकरचं बघा, मॅडम. नळ बंद केला म्हणून माणसं पाणी प्यायची थांबतात का?"

मी टँकरसाठी नगरपालिकेत फोन केला. दोन टँकर होते. एकाचा क्लच गेला होता, दुसरा सरकारी दवाखान्याला लावलेला. समोरचा माणूस म्हणाला, "बघतो." मी त्या 'बघतो'वर फोन ठेवला. मग टँकरच्या मागणीचं एक पत्र लिहून पाठवलं आणि दवंडीच्या रिक्षाला निरोप दिला. चाचांना म्हटलं, "एक-दोन दिवसांचाच प्रश्न आहे. घरोघरी पाणी असतंच की भरलेलं."

चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं. आत जाऊन त्यांनी एकामागून एक दोन्ही पंप बंद केले. एरवी तिथे मोठ्याने बोलावं लागायचं. ती घरघर थांबल्यावर बाहेरच्या लिंबावरचे कावळे ऐकू येऊ लागले.

घरोघरी पाणी असतंच, हे मी मनापासून म्हटलं होतं. मी लातूरची. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, उन्हाळ्यात पंधरा. बाजेखाली घागरी, मोरीत टाकी, गच्चीवर दोन ड्रम, देवघरासमोर हंडे. शहराला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात तर आमच्या आईने पिठाचा डबासुद्धा रिकामा करून त्यात पाणी भरलं होतं. पंधरा दिवसांचं पाणी नाही असं घर मी पाहिलंच नव्हतं. पण हे नदीकाठचं गाव होतं. इथे एक दिवसाआड नळ यायचा, आणि खालच्या वस्तीतल्या पत्र्याच्या घरांत दोन घागरींच्या वर भांडंच नव्हतं. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं.

दुपारी मी आणि चाचा काठाकाठाने वर चालत गेलो. ऊन डोक्यावर होतं. शहराचा मोठा नाला जिथे नदीला भिडतो तिथे उन्हाळ्यात घाण डोहात येऊ नये म्हणून मातीचा बांध घातलेला होता. तो बांध मधोमध फुटलेला होता. त्यावरून ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल माग गेले होते. पलीकडे म्हशी राखत एक म्हातारा बसला होता.

"कोणी फोडला हो हा?" मी विचारलं.

"वाळूवाल्यानं," तो म्हणाला. "ट्रॅक्टर काढायला जागा केली. चार दिस झाले की. मला वाटलं तुमचंच काम चालू हाय."

चार दिवस. त्या चार दिवसांत आमच्यातलं कुणीही तिथवर चालत आलं नव्हतं. मीही नाही.

संध्याकाळपर्यंत जेसीबी मिळवला. मुरमाची पोती टाकून बांध बुजवला. चाचा गुडघाभर चिखलात उभे राहून पोती सरळ करत होते. दुसऱ्या दिवशी नदीला वरच्या अंगाने थोडं पाणी आलं आणि घाण खाली सरकली. तो सगळा दिवस मी दर तासाला पाणी तपासत राहिले. फोन सारखा वाजायचा. पाणी का नाही, कधी येणार, कुणी बंद केलं. एक गृहस्थ म्हणाले, "घरात लग्न आहे आमच्या, तुम्हाला कळतंय का?" मी सगळ्यांना एकच सांगत होते, तुमच्याच जिवासाठी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळीतलं पाणी पिवळं झालं. पंप सुरू झाले. मला रडू आलं. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. दोन दिवसांनंतर मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

पुढच्याच दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. उलट्या-जुलाबाचे पेशंट येऊन राहिलेत, सगळे खालच्या वस्तीतले. तुमचं पाणी तपासा.

मला वाटलं, घाईत सोडलं. नमुन्याच्या रिकाम्या आणि क्लोरीनच्या छोट्या बाटल्या घेऊन मी वस्तीत गेले, पाच घरांचे नळ तपासले. सगळीकडे क्लोरीन होतं. पाणी चांगलं होतं. मग काय?

वस्तीत आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई मला एका बोळातून मागे घेऊन गेल्या. गुरांच्या गोठ्याला लागून एक जुना हातपंप होता. गेल्या वर्षी मीच त्याचं पाणी तपासून पिण्यास अयोग्य ठरवलं होतं, दांड्याला तांबडा रंग मारून घेतला होता. रंग उडाला होता. खालच्या इशाऱ्याच्या पाटीवर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली होती. पंपाखालची माती अजून ओली होती.

"तुम्ही नळ बंद केले ना, त्या दोन दिवसांत सगळी वस्ती इथं होती," आशाताई म्हणाल्या. "लाइन लागायची."

"टँकर?"

"कोणता टँकर?"

दवंडीची रिक्षासुद्धा तिथे गेली नव्हती. ती मोठ्या रस्त्याने फिरून परत आली होती.

एका घरापाशी आशाताई थांबल्या. दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. डाळ मिलमध्ये कामाला जायची. तिची सासू दवाखान्यात सलाईनवर होती, नवरा तिच्यापाशी बसलेला. मी माझं काम सांगितलं. पाणी का बंद केलं तेही सांगू लागले, नाला, मासे, क्लोरीन. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, पाणी बंद केलं ते कळालं आमाला. का बंद केलं ते कोणी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर उकळून पाजलं असतं की म्हातारीला. एवढं कळतं आमाला."

मी क्लोरीनच्या बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या, किती थेंब टाकायचे ते सांगितलं. तिने मान हलवली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

बाकीचे पेशंट बरे झाले. म्हातारी घरी आली, पण उठली नाही. दोन आठवड्यांनी गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालं होतं, आधीपासून किडनीचं दुखणं होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कुणीच मला दोष दिला नाही. उलट पंधरा ऑगस्टला व्यासपीठावर बोलावून मला प्रमाणपत्र दिलं, शहराला दूषित पाण्यापासून वाचवल्याबद्दल. टाळ्या वाजल्या. चाचा मागच्या रांगेत उभे होते.

घरी नवऱ्याला ते दाखवावंसं वाटेना. कपाटात कपड्यांखाली सरकवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतं मला."

ते पंपाला ग्रीस लावत होते. हात पुसत म्हणाले, "सांगितलं, पण हळू सांगितलं, मॅडम. तुम्ही शिकलेल्या. मला वाटलं, एकदा बोललो, बस झालं. अजून एकदा बोलायला पायजे होतं."

मग त्यांनी मला वस्तीची माहिती सांगायला सुरुवात केली. कुठल्या बोळात टाक्या आहेत, कुठे नाहीत, कुठल्या घरात कोण आजारी आहे. मी वहीत लिहीत गेले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दोन वर्षांनी पावसाळ्यात गढूळ लोंढा आला आणि पुन्हा एक दिवस पंप बंद करावे लागले. त्या वेळी टँकर खालच्या वस्तीत उभा राहिल्याशिवाय मी पंप बंद करायचं बटण दाबू दिलं नाही. साहेब चिडले, उशीर झाला म्हणून ओरडले. त्या अर्ध्या तासात गढूळ पाणी थोडं टाकीत गेलंच, ते नंतर वाया घालवावं लागलं. तो अर्धा तास मी बरोबर होते की चूक, मला आजही सांगता येत नाही. दवंडीच्या रिक्षात मी स्वतः बसले. बोळ अरुंद असेल तिथे उतरून दारोदार गेले. त्या बाईच्या दारीही गेले. तिने ऐकून घेतलं, शेजारणींना हाका मारून टँकरकडे पाठवलं. माझ्याशी वेगळं काही बोलली नाही.

चाचा निवृत्त झाले. त्यानंतर वस्तीतली माहिती घ्यायला मीच दर दोन-तीन महिन्यांनी जाते. गेल्या हिवाळ्यात त्या बाईने पहिल्यांदाच मला आत बोलावलं. खुर्चीवरचे कपडे उचलून बसायला दिलं, चहा टाकला. भिंतीवर सासूचा फोटो होता, मी तिकडे बघायचं टाळत होते.

"नळाला पाणी चांगलं येतंय ना आता?" मी विचारलं.

"हाव, चांगलं येतंय," ती म्हणाली. शेगडीच्या दुसऱ्या बर्नरवर मोठं पातेलं होतं, त्यातलं पाणी खळखळ उकळत होतं. ती त्यावरचं झाकण सारखं करत म्हणाली, "तरी मी उकळूनच घेते."

आता त्याची गरज नाही, असं सांगणं माझं काम होतं. शब्द तोंडाशी आलेही होते. मी ते बोलले नाही. तिने दिलेला चहा घेतला आणि निघाले.