फिरतं पातं

सापगावच्या पुलाखाली, भातसा नदीच्या काठावर मला तो एकदाच भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. पन्नाशीचा असेल. खडकावर बसून तो माशांसाठी फिरता गळ बनवत होता. जुना चमचा ठोकून केलेलं पातं, काचेचा मणी आणि ते ओवायला स्टीलची बारीक तार. पाण्यातून ओढलं की पातं भिरभिरतं आणि त्याला छोटी मासोळी समजून मोठा मासा झडप घालतो.

त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. "मशीनमदी गेली," तो म्हणाला. पक्कड डाव्या हातात होती आणि तारेला वेढा देताना सारखी निसटत होती. दोनदा वेढा वाकडा आला. पाण्यात पातं नुसतंच लोंबलं.

मला राहवेना. "द्या, मी वळवून देतो."

"नको, दादा," मान वर न करता तो म्हणाला. "तुमी करून दिला तर गळ मिळंल, पण माजा हात नाय मिळायचा."

कुणाच्या हातातलं काम घाईने घ्यायला निघालो, की आजही मला ते वाक्य आठवतं.

तिसऱ्या वेळी त्याने पक्कड मांडीला टेकवली आणि वेढा सावकाश फिरवला. पाण्यात ओढताच पातं चमकत गरगरलं. मासा काही लागला नव्हता, तरी तो मोठ्यांदा हसला.

मग तारेचा नवा तुकडा त्याने माझ्या हातात ठेवला. "बसा खाली. आता तुमाला शिकवतो."