चिंचेने घासलेला नळ

मुलांनो, आज चिंचेने पितळी तांब्या घासताना सोलापुरातल्या आमच्या गल्लीचा नळ आठवला, म्हणून लिहिते. अस्पृश्यांनी त्याच्या तोटीला हात लावायचा नाही, असा गल्लीचा कायदा होता. एका दुपारी महारवाड्यातली, गिरणीत काम करणारी बाई आली आणि स्वतः तोटी फिरवून तिने मातीची घागर भरली. आमच्या बायकांनी शिव्या देत घागर फोडली आणि बाटलेली तोटी चिंचेने घासली. दुसऱ्या दिवशी ती दुसरी घागर घेऊन हजर! मग रोज तेच. “सटवे, लाज नाही वाटत?” माझी काकू ओरडली. ती म्हणाली, “मला कशाची लाज? तुमी घासा की! नळ बघा, कसा सोन्यावानी चमकतोय.” शेवटी हात दुखले ते आमच्याच बायकांचे. तो नळ अजून आहे. पार काळा पडलाय, कारण आता कोणी पाणी भरून गेल्यावर त्याला घासत नाही.