बाराचा शो

आमच्या घरी पेपर सहा दिवस बाबांचा आणि शुक्रवारी आईचा असायचा. बाबा आंघोळीला गेले की आई सिनेमाच्या जाहिरातींचं पान जमिनीवर पसरायची आणि बोट फिरवत बघायची, चालू असलेल्या हाणामारीच्या पिक्चरला पुढच्या आठवड्यात किती शो आहेत. चार असले तर ती निवांत उठायची. पिक्चर एका शोवर आला, तोही सकाळच्या, म्हणजे त्याचा मुक्काम हलला. मग तिचा चेहरा उतरायचा. स्वतः तिने थिएटरात जाऊन पाहिलेले पिक्चर पाच-सहाच्या वर नसतील, पण कुठला पिक्चर किती आठवडे टिकणार हे ती पहिल्या शुक्रवारीच सांगायची आणि ते बहुतेक वेळा खरं ठरायचं.

कारण साधं होतं. बाबा घरी असले की मारायचे. रविवारी बाराच्या शोला गेले की साडेतीनपर्यंत घरी नसायचे.

हे इतकं सरळ लिहायला मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. बाबांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांची तलवार कुणाकडे गेली ते माहीत नाही, पण ऐट आमच्याकडे आली. बाबा केमिकल प्लांटमध्ये शिफ्टला जायचे. तिथे साहेबांपुढे मान खाली घालून ते घरी यायचे आणि उंबरा ओलांडला की हात मोकळा सोडायचे. पट्टा, डाव, स्टीलचा पेला, हाताला लागेल ते. आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही. माझ्या उजव्या भुवईत केस उगवत नाहीत अशी एक रेघ आहे. भाजीत मीठ कमी होतं त्या दिवसाची ती आहे, आणि भाजी मी केलीही नव्हती.

पिक्चर मात्र त्यांना हाणामारीचेच लागायचे. रविवारी इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि स्कूटर काढून बडोद्यातल्या लहरीपुऱ्याच्या बाजूच्या थिएटरात. एकच पिक्चर ते तिथे असेपर्यंत दर रविवारी बघायचे. पडद्यावर कुणीतरी वीस-पंचवीस जणांची हाडं मोडायचा, रक्ताच्या चिळकांड्या उडायच्या, आणि बाबा घरी यायचे ते पोट भरून जेवल्यासारखे. खिचडी-कढी खायचे आणि झोपायचे. सोमवार, मंगळवार बरे जायचे. गुरुवारपासून पुन्हा तापायला लागायचे. एक पिक्चर पंचवीस आठवडे चालला, त्या वर्षी मी वर्गात दुसरी आले. तो चालावा म्हणून आईने मारुतीला नारळ बोलला होता. निर्मात्यानेही देवाला इतकं साकडं घातलं नसेल.

त्या साडेतीन तासांत आई वेगळीच बाई असायची. केस मोकळे सोडायची. शेजारच्या गुजराती बेन यायच्या, कोपऱ्यावरून सेव-उसळ यायची, आणि तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलेले पत्ते बाहेर निघायचे. आई पत्त्यांत सर्रास लबाडी करायची. पकडली गेली की तोंडावर पदर धरून खो खो हसायची. मी उंबऱ्यावर बसून रस्त्यावर लक्ष ठेवायचे. तीन वाजता पत्ते तांदळात जायचे, वाट्या घासल्या जायच्या, केसांचा घट्ट अंबाडा व्हायचा.

पुढे ते थिएटर बंद पडलं, मॉल आले, पिक्चर तीन-चार आठवड्यांवर आले. बाबा मल्टिप्लेक्सलाही जायला लागले. माझं लग्न झालं ते बडोद्यातच, नोकरी अलकापुरीत. नवरा दहेज गावी प्लांटवर असतो, घरी मी आणि अकरावीतली मुलगी. आईला अधूनमधून विचारायचे, अजून हात उचलतात का. आता कुठलं, वय झालं ना, असं ती म्हणायची. मी ते मान्य करून मोकळी व्हायचे, कारण मला ते सोयीचं होतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी बाबांना भिंत अर्धी झाकेल एवढा टीव्ही घेतला. त्यांचे गुडघे गेले होते, आमच्या कारेलीबागेतलं ट्रॅफिक वाढलं होतं, आणि त्या वयात स्कूटरवरून पिक्चरला जाणं मला धोक्याचं वाटत होतं. नवे पिक्चर घरबसल्या दिसतात ते सगळं लावून दिलं, रिमोट शिकवला. बाबा खूश. मीही स्वतःवर खूश. आई टीव्हीचा खोका घडी घालत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, की थिएटरातला पिक्चर यात किती दिवसांनी येतो. आठ आठवडे, मी म्हटलं. तिने मान हलवली. तिला दुसऱ्या कानाने ऐकू आलं की नाही म्हणून मी मोठ्याने पुन्हा सांगितलं. किती मूर्ख असावं माणसाने.

त्या हिवाळ्यात एक मोठा पिक्चर आला. कुऱ्हाडी, मशीनगनी, सगळं सामान त्यात होतं. अख्खं बडोदं तिकडे लोटलं. बाबा गेले नाहीत. आठ आठवड्यांत घरी येतोय, कशाला पाय मोडून घ्यायचे, म्हणाले. मला समाधानच वाटलं. पिक्चर हटेना. चौथ्या आठवड्यातही सगळे शो भरलेले. शुक्रवारी पेपरात ते बघताना आईला काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नाही.

सहाव्या आठवड्यात भाजीच्या लारीवर, हातगाडीपाशी, बेन भेटल्या. त्यांनी भेंडी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता सांगितलं, “रविवारे पत्ता बंध छे, बेटा.” मी विचारलं, पत्ते खेळणं कधीपासून बंद. दिवाळीपासून, त्या म्हणाल्या, आणि भेंडीचे दोन्ही शेंडे मोडून बघत राहिल्या. त्याच आठवड्यात मी आईच्या मनगटाला पट्टी पाहिली होती. कुकरचं झाकण लागलं म्हणाली होती.

मला कळलं. तिथेच, लारीपाशी कळलं. आणि तरी मी दोन आठवडे काहीही केलं नाही. टीव्ही भेट देण्यात माझं चुकलं हे मान्य करायची माझी तयारी नव्हती. मी स्वतःला समजावलं की दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, पिक्चर घरी आला की बाबांचं पोट भरेल. याची मला आजही लाज वाटते.

ज्या शुक्रवारी पिक्चर टीव्हीवर आला, त्याच्या रविवारी मी अकरा वाजता तिकडे गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तेवढा जुना रिवाज त्यांनी ठेवला होता. बारा वाजता पिक्चर लावला. पण घरातलं पिक्चर बघणं काही वेगळंच निघालं. थिएटरात मार पुढे सरकतो, आपण गप्प बसतो. इथे बाबांच्या हातात रिमोट. कुऱ्हाड डोक्यात बसली की मागे घ्यायचे, पुन्हा बसवायचे. चार-चारदा. अर्ध्या तासात त्यांची मान लाल झाली होती आणि गुडघ्यावरची मूठ आवळत, उघडत होती. पडद्यावरच्या माणसाने पुन्हा कुऱ्हाड उचलली आणि नेट अडकलं. कुऱ्हाड वर, आणि मधोमध गोल गोल फिरणारं चक्र. नेमकी तेव्हाच आई चहा घेऊन टीव्हीसमोरून आली.

बाबांनी पेला फेकला. पाण्याने भरलेला, स्टीलचा, जाड बुडाचा. तो तिच्या कपाळावर बसला तो आवाज मला ओळखीचा होता. चहा भिंतीवर गेला, आई खाली बसली, तिच्या बोटांमधून रक्त आलं. बाबा गुडघ्यांची कुरकुर विसरून उठले होते, आणि दुसरा हात वर होता.

मी त्यांचं मनगट धरलं आणि पिरगळलं. “हात खाली कर,” मी म्हटलं. जन्मभर अहो-जाहो केलेल्या बापाला. त्यांनी केला नाही. मग मी मारलं. उघड्या हाताने, पूर्ण ताकदीने, कानाखाली. ते खुर्चीत कोसळले, त्यांची कवळी निसटून शर्टावर पडली. मी पुन्हा मारलं. एकदा पुरेसं होतं, हे मला तेव्हाही समजत होतं. दुसऱ्यांदा मारलं ते मला बरं वाटलं म्हणून. अंगातलं काहीतरी सुटून मोकळं झालं, आणि त्या क्षणी मला भूक लागली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्यांदा उचललेला हात आईने धरला. रक्ताने ओल्या हाताने. मला वाटलं, ती रडेल, किंवा बाबांकडे जाईल. ती माझ्याकडे बघत होती. “तीन तास होते माझे,” ती म्हणाली. “ते तू घरी आणून यांना दिलेस.”

कपाळाला पाच टाके पडले. डॉक्टरांना ती कुकरचं झाकण सांगायला लागली, तेव्हा मी तिला गप्प केलं आणि खरं सांगितलं. दवाखान्यातून तिला सरळ माझ्या घरी आणलं. बाबा तिकडे एकटे असतात. त्यांना डबा लावला आहे, टीव्ही आहे. मी महिन्यातून एकदा जाते, औषधं टेबलावर ठेवते. आम्ही बोलत नाही.

आई आमच्याकडे रुळली असं मला वाटत होतं. बेन बसने येऊन गेल्या, पत्तेही निघाले. पेपर आता रोजच आईच्या हातात असतो.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. मुलीने क्लासची परीक्षा बुडवली होती आणि माझ्याशी खोटं बोलली होती. तिने मोबाइलमधून डोकंही वर न काढता गुजरातीत काहीतरी पुटपुटलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरचं ताट मी ओट्यावर आपटलं. ते उडालं, मुलीच्या पायाशी जाऊन पडलं. माझा हात वर होता. मुलगी मागे सरकून फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या जागेत शिरली, डोकं खाली, कोपर कानावर. तसं उभं राहायला तिला मी शिकवलं नव्हतं. म्हणजे शिकवलं असणार.

आई टेबलापाशी होती. तिने पेपर ओढला, पान उलटलं, आणि चष्मा सारखा करून बोट फिरवत एका ओळीवर थांबली. मग माझी पर्स आणि स्कूटरची चावी उचलून माझ्यासमोर ठेवली.

“बाराचा शो आहे,” ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. “हाणामारीचा आहे. तू जाऊन ये ने.”

मी दारात चपला घालत होते, तेव्हा आत तिने मुलीला विचारलेलं मला ऐकू आलं, पत्ते येतात का म्हणून.