आज बांगडी आपोआप निघाली

मैत्रिणींनो, आज दुपारी दवाखान्यात बाळासाठी वाटीत दूध काढताना माझ्या हातातली हिरवी बांगडी आपोआप निसटून गादीवर पडली. शेजारची खाट रिकामी. दाखवायलाही कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या रविवारी पलूसला माहेरी माझी ओटी भरली. कासारीणबाईंनी हाताला साबण लावला तरी बांगड्या चढेनात. शेवटी दोन मापं मोठ्या भरल्या. काकू कौतुकानं म्हणाली, "अंगानं भरलीस की गं! लय ग्वाड दिसतीयास." माझं डोकं ठणकत होतं, डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. पण सगळ्या एवढ्या खूश होत्या, की मी गप्प बसून फोटो काढून घेतले.

दुसऱ्याच दिवशी फिट आली. बीपी भलतंच वाढलं होतं. सांगलीला आणून आठव्या महिन्यातच लेकीला पोटातून काढावं लागलं. सलाईनसाठी बाकीच्या बांगड्या वाढवल्या, ही एक राहिली होती. लेक वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे, मी खाली. आई वाटी घेऊन वर जाते. नवरा फौजेत, त्याचा फोन लागत नाही. मी अजून लेकीला पाहिलेलं नाही.

थोड्या वेळानं सिस्टर आल्या, बांगडी उचलत म्हणाल्या, "सूज उतरली की तुमची! बीपी असंच राहिलं तर उद्या वर नेते."

बांगडी उशाशी ठेवलीय. लेकीचा हात तिच्यातून खांद्यापर्यंत जाईल, असं आई सांगते.

तुमच्या घरी कुणा गरोदर बाईच्या हातात बांगडी चढेनाशी झाली, तर मोठं माप मागायच्या आधी बीपी मोजाल ना?