दिगू घाडीचा चढ

ऑफिसात रुजू झालो त्या दिवशी मला दिगंबर घाडीचे आधी पाय दिसले. घाटकोपरच्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये मोठ्या साहेबांची गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या चाकांमधून कडक इस्त्रीच्या पँटमधले दोन पाय बाहेर आले होते. कुणाला तरी चक्कर आली असं समजून मी धावलो. खालून शांत आवाज आला, "काय नाय झालेलं. बघतोय फक्त." मग अंग झटकत एक बुटका, जाड भिंगांचा माणूस बाहेर आला आणि साहेबाची गाडी नुसती दिसायलाच दांडगी आहे, खाली काही दम नाही, असं मला न विचारता सांगून लिफ्टकडे चालू लागला. पुढे वर्षानुवर्षं आमची टेबलं शेजारी होती.

उंच गाडी दिसली की दिगू वाकायचाच. लग्नाच्या हॉलबाहेर, हॉस्पिटलबाहेर, एकदा तर स्मशानाबाहेरसुद्धा. लोक माणसाचं तोंड बघतात, हा गाडीखालचा, दोन चाकं जोडणारा अ‍ॅक्सल बघायचा. त्याला जाऊन आता वर्ष होईल, पण पार्किंगमधून जाताना मी अजून जपून पाय टाकतो.

त्याची स्वतःची जीप मुलुंडला सोसायटीच्या भिंतीला टेकून असायची. सेकंडहँड घेतलेली, त्याच्या लग्नाहूनही जुन्या मॉडेलची. सेक्रेटरी तिला भंगार म्हणायचे आणि दिगू त्यांना दर दिवाळीला पहिला फराळ नेऊन द्यायचा, म्हणजे भांडण पुढच्या दिवाळीपर्यंत टळे. जीपवाल्या पोरांचे ग्रुप रविवारी चिखल तुडवायला जातात, तेही त्याला बोलवायचे. तो एकदाच गेला. परत आल्यावर म्हणाला, "ते चिखल शोधायला जातात रे. मला चिखल पार करायचाय."

तो चिखल होता मालवणाच्या बाजूला, त्याच्या बायकोच्या, सुलभावहिनींच्या माहेरी. वाडीचं घर टेकडीवर आणि शेवटचा तुकडा म्हणजे तांबड्या मातीचा, दगडांचा उभा चढ. खालपर्यंत रिक्षा येते, पुढे चालायचं. वहिनींचे गुडघे गेले तेव्हापासून चालणं संपलं. वाडीतले लोक खुर्चीला बांबू बांधून म्हाताऱ्या माणसांना वर नेतात, तशी खुर्ची त्यांच्यासाठीही आली होती. वहिनींनी ती परत पाठवली. "चार माणसांनी उचलायचं ते शेवटी. आत्ता नाही," म्हणाल्या, आणि खालच्या खालीच मुंबईला परतल्या.

वर आई एकटी. तिला मुंबईला आणायचा विषय दर रविवारी फोनवर निघायचा आणि दर रविवारी ती एकच सांगायची, "माका खंय येवचा नाय. घर कोण बघतलो?" म्हातारी हट्टी आहे, हे आम्ही सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. लेक वर जाऊ शकत नाही, आई खाली येत नाही. वहिनी फोन ठेवून बराच वेळ गॅसपाशी उभ्या राहायच्या. जीप घेतली ती एवढ्यासाठी.

पण पहिल्याच खेपेला जीपनं मान टाकली. चढाच्या मध्यावर एक चाक दगडावरून उचललं गेलं, हवेत गरगर फिरत राहिलं आणि गाडी जागची हलेना. वर वळणावर आई काठी टेकून उभी होती. हात केला तर दिसेल इतक्या अंतरावर. वहिनींनी हात केला आणि दिगूनं गाडी मागे घेतली.

त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आम्हाला तो हे डब्यावर समजावायचा. एका अ‍ॅक्सलवरची दोन चाकं म्हणजे दोन भाऊ. एक मोकळा सुटला की बापाची सगळी कमाई तोच उडवतो, दुसऱ्याला घास मिळत नाही. "लॉकर म्हणजे काय, दोघांना एका ताटात जेवायला बसवायचं." आणि दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यातले दात बदलले की चाक सावकाश फिरतं, पण जोर वाढतो. दोन्ही गोष्टी नव्या घ्यायच्या म्हटलं तर जीपहून महाग. दिगूच्या पगारात ते बसणारं नव्हतं.

मी त्याला स्वस्तातला रस्ता सुचवला. मधल्या गोळ्यातले गिअर वेल्डिंगनं चिकटवून टाकायचे, म्हणजे दोन्ही चाकं कायमची एकत्र, खर्च जवळपास शून्य. पुष्कळ जण करतात. दिगूनं डब्याचं झाकण लावलं. असली गाडी डांबरावर वळताना एक चाक फरफटतं आणि ओल्या घाटात मागून सरकते, म्हणाला. "सुलू बसणाराय त्यात. बोनस आला नाय म्हणून बायकोला दरीत घालू काय?"

पुढची तीन वर्षं कुर्ल्याचा भंगार बाजार हेच त्याचं देवस्थान. दुकानदारांना तो छळायचा. "उघडून दाखव. बंद डब्यातला लाडूपण मी घेत नाय," हे ऐकलं की त्यांचे चेहरे पडायचे. एवढं करून त्यानं घोटाळा केलाच. मागच्या अ‍ॅक्सलचे दात एके ठिकाणी फार स्वस्तात मिळाले आणि त्याचा तोल गेला. मागचे आत्ता, पुढचे पुढच्या वर्षी, असं ठरवून त्यानं ते बसवून घेतले. मुलुंडच्या टेकडीमागच्या बंद खाणीत आम्ही जीप चढवून बघायला गेलो. चारही चाकांना जोर लावला, थोडं पुढे गेलो आणि पोटाखाली असा काही आवाज झाला की मी दारातून उडीच मारली. पुढची चाकं जुन्या हिशेबानं फिरत होती, मागची नव्या. दोघांच्या ओढाताणीत मधला गिअरबॉक्स तडकला होता. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, तोच आम्हाला शिकवायचा. स्वस्ताईपुढे विसरला. दगडावर बसून डोळे पुसेपर्यंत हसला आणि म्हणाला, "पुढची चाकं ठाण्याला निघाली रे, मागची भांडुपला."

घरी मात्र तो हसला नाही. त्या वर्षीही वहिनींचं माहेर राहिलं.

शेवटी मानखुर्दला एका मोडीत निघालेल्या जीपचे दोन्ही अ‍ॅक्सल एकदम मिळाले, पुढचा-मागचा एकाच हिशेबाचे, हव्या त्या दातांचे. आपले जुने विकून त्यानं ते घेतले. जीपचा नाद सोडलेल्या एका गृहस्थाकडून वापरलेला लॉकर आणला, एकच, मागच्या चाकांपुरता. तो लावायची तार तुटलेली होती, तिथे रिक्षाच्या क्लचची तार बसवली. टायर तेच जुने राहिले. वर्षभर आमच्याबरोबर खाली चहालासुद्धा उतरला नाही.

पाऊस संपल्यावर आम्ही निघालो. मी मागे, कारण चाकाखाली दगड लावायला कुणीतरी हवं होतं. चढाखाली दिगूनं लॉकरची दांडी ओढली आणि गाडी घातली. त्याच जागी तेच चाक उचललं गेलं. या वेळी दुसऱ्यानं माती पकडली आणि जीप माणसाच्या चालीनं वर सरकत राहिली. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते, ते अंगणात उघडले. मायलेकी किती वेळ नुसत्या एकमेकींचे हात धरून होत्या. दिगू विहिरीपाशी तोंड धूत राहिला, उगाचच, पुन्हा पुन्हा.

जेवणं झाली. म्हातारी काठी टेकत जीपपाशी आली, चाकाला हात लावून पाहिला आणि जावयाला विचारलं, "ही गाडी उतरता पण मां?"

उतरते की, दिगू म्हणाला.

"मगे माका माझ्या म्हायेराक व्हरशात?"

म्हातारीलाही माहेरी जायचं होतं. वहिनींनी विचारलं की इतकी वर्षं घर कोण बघणार, असं सांगत होतीस ते काय होतं. म्हातारी जमिनीकडे बघत म्हणाली, "पाय गेले म्हणान सांगूक लाज वाटा होती." खुर्ची तिलाही नको होती. घराचं निमित्त होतं. लेक खाली अडकली होती तशी ही वर अडकली होती, आणि आम्ही तिला हट्टी म्हणत बसलो होतो. दिगूचा चेहरा उतरला. "तीन वर्षं चढाचाच विचार केला रे," तो मला म्हणाला. "उतारावर पण कोणी असेल, हे डोक्यातच नाय आलं."

मग त्यानं सासूला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं, वहिनी माझ्याशेजारी मागे बसल्या. नव्या दातांनी जीप उतारावर अशी धरून ठेवली की ब्रेकला पाय लावावा लागला नाही. खाडीपलीकडच्या गावात, एका कौलारू घरापुढे म्हातारीनं थांबायला सांगितलं. तिचा भाऊ कधीच गेलेला. भाच्याची बायको ओले हात पुसत बाहेर आली आणि अनोळखी गाडी बघून दारातच थबकली. कोण पाहिजे, तिनं विचारलं.

आमची म्हातारी सत्यभामा. रेशनकार्डावर, दारावरच्या पाटीवर, सगळीकडे सत्यभामा. लग्नात नाव बदललेलं. ती सीटवर सरळ बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी शेवंती. ह्याच घरातली."

सुलभावहिनींनी हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. दिगूनं इंजिन बंद केलं, आणि अंधार पडेपर्यंत निघायचं नाव काढलं नाही.