मोठ्यानं केलेली प्रार्थना

कोरमंगलातल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाल्यावर मी निपाणीला फोन करून आईला सांगितलं, माझा नवा जन्म झालाय. ती म्हणाली, "पहिल्या जन्मात काय कमी पडलं होतं गं?" मी रागानं फोन ठेवला.

पुढे ती आजारी पडली, म्हणून तिला इथल्या हॉस्पिटलात आणलं. ऑपरेशनच्या सकाळी तिनं आपणहून माझा हात धरला. "तुझ्या देवाला माझ्यासाठी काहीतरी सांग. मोठ्यानं सांग, मलाही ऐकू दे."

इतकी वर्षं मी याचीच वाट पाहत होते. डोळे मिटले आणि तोंडातून सगळं इंग्रजीच बाहेर पडलं. चर्चमध्ये तसंच शिकले होते; येशूशी मराठीत कधी बोललेच नव्हते. 'प्रभू, माझ्या आईला सांभाळ' एवढंसुद्धा जिभेवर येईना. आईला इंग्रजीचा गंध नाही, तरी ती शेवटपर्यंत हात जोडून ऐकत राहिली. मी आमेन म्हटल्यावर तिनं हळूच विचारलं, "काय मागितलंस गं?"

तेवढ्यात तिला न्यायला स्ट्रेचर आलं. "नंतर सांगते," मी म्हणाले.

ती ऑपरेशनमधून परत आली नाही. आता मी प्रार्थना मराठीतच करते, मोठ्यानं.